रावबहादूर बोले यांचा ठराव

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी लिहिताना आमचे बहुतेक लेखक रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा एका वाक्यात उल्लेख करून पुढे जातात. त्या वाक्यापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो.

बोले हे भंडारी समाजातील, मुंबईच्या कामगारांत कार्य केलेले ब्राह्मणेतर पुढारी. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारनियुक्त वा कायद्याने स्थापिलेल्या संस्थांकडे असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. कौन्सिलाने तो संमत केला आणि ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खातेप्रमुखांना तो अमलात आणण्यास सांगितले.

विनयपिटकाच्या अभ्यासकास येथे एक भेद चटकन जाणवतो. भिक्षुसंघात ञत्तिचतुत्थ कर्माच्या वेळी एकदा ञत्ति मांडून तीनदा अनुश्रावण होई. कोणी आक्षेप न घेतल्यास तो निर्णय संघावर बंधनकारक ठरे. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालील कौन्सिलाचा ठराव मात्र केवळ शिफारस होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, परंतु तळ्याच्या पायऱ्यांवर काहीच बदलले नाही. बोले यांना ही उणीव कळली होती. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका वा लोकल बोर्ड पहिला ठराव पाळणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील हा दुसरा ठराव पहिल्याहून अधिक धारदार होय. तरी स्मरणात राहिला तो पहिलाच.

१९२७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच कौन्सिलात नियुक्त सभासद म्हणून बसू लागले. त्यांचा व बोले यांचा संबंध जुना सांगितला जातो. भीमरावांच्या मॅट्रिकच्या यशाबद्दल भरलेल्या सभेचे अध्यक्ष बोले होते व तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले, असे चरित्रकार लिहितात. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र ती सभा इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची असून अध्यक्ष केळुसकर होते. अध्यक्षपदाबाबत आम्ही बाबासाहेबांच्याच कथनाकडे झुकतो. ग्रंथभेटीविषयी दोन्ही पाठांत मतभेद नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतील लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. बोले यांच्या ठरावाने जे मान्य केले होते, तेच त्यांनी आचरले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला, तोही ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडल्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारखेचा हा योग हेतुपुरस्सर होता असे आम्ही म्हणणार नाही.

पुढे वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने दिला, पण तो बोले यांच्या ठरावाच्या बळावर नव्हे. बहिष्काराची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावरच तो लागला.