पेठेतली तिकिटं

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोस्टाची तिकिटं जमवण्याच्या छंदाची गोष्ट सांगायची, तर आधी खामगावच्या कापूस पेठेत जावं लागतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. स्वित्झर्लंडची वोल्कार्ट ब्रदर्स कंपनीही इथे खरेदीला उतरली. गाठी रेल्वेने जात, भाव मात्र तारेने आणि पत्राने येत. आणि जिथे पत्रं, तिथे तिकिटं.

साठच्या दशकात आम्ही शाळकरी मुलं पेढीवरच्या दिवाणजींकडे रिकामी पाकिटं मागायला जात असू. तिकीट कापून बशीतल्या पाण्यात भिजवायचं, डिंक सुटला की रद्दीवर पालथं वाळवायचं. रंगीत पाकीट असेल तर वेगळ्या बशीत, नाहीतर त्याचा रंग सगळ्यांना लागे.

निव्वळ छंदाचं दुकान आमच्याकडे कधी नव्हतंच. वह्या-पुस्तकांच्या दुकानात सेलोफेनच्या पुड्या टांगलेल्या असत. हंगेरी, पोलंड, रुमानिया! मोठी, रंगीत, काही चक्क त्रिकोणी. शिक्का नेमका कोपऱ्यात आणि मागचा डिंक शाबूत. गंमत अशी, की यातली बरीच तिकिटं कधी पत्रावर लागलीच नव्हती. तिथल्या सरकारांनी शिक्के मारूनच ती संग्राहकांसाठी विकायला काढली होती. तरी अदलाबदलीत ती भाव खात. फक्त १९४८ च्या गांधीजींपुढे त्यांचं काही चालत नसे.

हा छंद टीव्हीने मारला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आधी पाकिटं आटली. एसटीडीचे बूथ आले, कुरियर आलं, पोस्टातही तिकिटाऐवजी यंत्राने छापलेली चिठ्ठी चिकटू लागली. ज्याला पहिलं तिकीट पेढीवर फुकट मिळालेलं असे, तोच मुलगा पुढे पुडी विकत घेई. तो येईनासा झाला, तसा दुकानदाराने पुड्यांच्या जागी मोबाईलची रिचार्ज कूपनं टांगली. त्याचं तरी काय चुकलं?

पोस्ट खात्याने २०१७ मध्ये ‘दीनदयाल स्पर्श’ योजना आणली. तिकिटं जमवणाऱ्या सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपये. चांगलंच आहे, पण खिडकीवरून घेतलेल्या कोऱ्या तिकिटाला कुठल्या गावाचा शिक्का नसतो.

१९९९ मध्ये जिजाऊंचं तिकीट निघालं. त्यांचं जन्मगाव सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं. वापरलेलं हवं म्हणून मी घरी येणारं प्रत्येक पाकीट तपासत होतो. अखेर एक मिळालं, लग्नपत्रिकेवर. शिक्का पुण्याचा होता.