हजेरी, वेठ आणि मान

माघातला रविवार उजाडायच्या आधीच कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर माणसे जमू लागतात. पाण्यात पाय बुडवून, देवाचे नाव घेऊन ती वडणगे, निगवे, कुशिरे अशी गावे मागे टाकत जोतिबाच्या डोंगराकडे चालू लागतात. बरेच जण अनवाणी असतात. माघातल्या रविवारी असे पाच वेळा चालत जायचे, त्याला जोतिबाचे खेटे म्हणतात. या गर्दीत शेतकरी असतात, दुकानदार असतात आणि शनिवारची पाळी संपवून आलेला फाउंड्रीतला मोल्डरही असतो. रविवार हा जोतिबाचा वार. पण मोल्डरला रविवारी डोंगर चढता येतो, यामागे देवाच्या वाराइतकीच एका माणसाची चिकाटी आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत मजुरी. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही लोखंडे सांगत, अशी आठवण कामगार चळवळीत सांगितली जाते. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. 1948 च्या कारखाने अधिनियमात साप्ताहिक सुट्टीचे कलम 52 आले ते पुढे 58 वर्षांनी. आज कोल्हापूरच्या एखाद्या कंपनीतला मनुष्यबळ अधिकारी रजेचा तक्ता तयार करतो, तेव्हा त्या तक्त्यातला पहिला रकाना लोखंड्यांनी आखून दिलेला असतो.

खेट्याची वाट चढून वाडी रत्नागिरीला पोहोचले की कामाचे एक वेगळेच जग दिसते. हे गाव पन्हाळा तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,100 फूट उंचीवर. केदारनाथाचे, म्हणजेच जोतिबाचे, आजचे देऊळ 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधले. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हे कुलदैवत. पूजेचा हक्क गुरवांकडे, तोही वंशपरंपरेने आणि पाळीने. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, त्यांचाही क्रम ठरलेला: पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा, मग पाटण तालुक्यातल्या विहे गावाचा, आणि पुढे एकामागून एक मानकरी.

सासनकाठी जवळून पाहण्यासारखी असते. वीस-तीस फुटांचा, कधी त्याहूनही उंच बांबू, त्याला गुंडाळलेली कापडे आणि फुलांच्या माळा. सगळा भार मधल्या एकाच माणसाच्या कमरेवर आणि तळहातांवर येतो. काठीला बांधलेले दोर चारी बाजूंनी ताणून धरलेले असतात. एखाद्याने दोर जरा ढिला सोडला तरी काठी झुकते आणि मधला माणूस दात-ओठ खात तिला सावरतो. गुलालाने त्याचे डोळे मिटलेले असतात, पाय मात्र हलगीच्या तालावर पडत राहतात. या श्रमाला मजुरी नाही आणि ती कोणी मागतही नाही. उलट आपल्या गावची काठी आपल्या खांद्यावर यावी म्हणून घराघरांत चढाओढ असते. याला मान म्हणतात. तो स्वतःहून घेतलेला असतो आणि नको वाटला तर सोडताही येतो.

याच डोंगराखालच्या गावांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आणखी एका प्रकारचे काम चाले, त्यालाही मजुरी नव्हती. ते सोडता मात्र येत नसे. त्याचे नाव वेठ. सरकारी अंमलदार गावात मुक्कामाला आला की त्याचे सामान वाहायचे, त्याच्या घोड्याला गवत आणायचे, चुलीला लाकूड फोडून द्यायचे, टपाल घेऊन पुढच्या गावापर्यंत धावायचे. हे सारे बहुतेक महारांच्या वाट्याला येई. बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा. तोही पिढ्यांमागून पिढ्या वाटला जाऊन इतका लहान झालेला की त्यावर एक कुटुंब जगणे कठीण. कामाला ठरावीक वेळ नाही, हद्द नाही, नकाराची सोय नाही. वतन हे हक्काचे नाव होते आणि त्याच्या पोटात चाकरी होती.

हजेरी हा शब्दही तेव्हा वेगळ्या अर्थाने कानावर पडे. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना चावडीवर जाऊन रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा केलेला नसला तरी संशय कायमचा मागे. परवानगीशिवाय परगावी जाता येत नसे. ज्या माणसाला संध्याकाळी गावातच दिसावे लागते, तो कोल्हापूरच्या गिरणीत रात्रपाळी कशी करणार? शाहू छत्रपतींनी 1906 मध्ये शहरात सूतगिरणी उभी केली होती; शहरात कामे निर्माण होत होती. पण गावाची वेस ओलांडण्याची मोकळीकच नसेल, तर नोकरीच्या संधीला अर्थ उरत नाही.

1918 मध्ये शाहू महाराजांनी करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात ही हजेरी बंद केली. त्याच वर्षी महार वतने रद्द करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या आणि कुलकर्णी वतने मोडून पगारी तलाठी नेमले. 1920 मध्ये वेठबिगारीला बंदी घालणारा हुकूम निघाला. त्याआधी, 26 जुलै 1902 रोजी, संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश त्यांनी काढला होता. पंचगंगेपलीकडच्या सोनतळी कॅम्पवर त्यांनी फासेपारध्यांना कामावर घेतले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा असे सगळे म्हणत, त्यांनाच पहाऱ्यावर नेमले. हे सगळे हुकूम एकत्र वाचले की त्यांच्यातला धागा स्पष्ट दिसतो. काम जन्माने ठरू नये, कामाचे दाम मिळावे आणि ते काम सोडून जाण्याची मोकळीक असावी. आजच्या रोजगार कायद्याचा गाभा यापेक्षा फार वेगळा नाही.

ब्रिटिश मुलखात मात्र 1874 चा वतन कायदा तसाच चालू राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ते मंजूर होऊ शकले नाही. करवीर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा राज्यभर यायला 1958 उजाडावे लागले. कोल्हापूरने जे 1918 मध्ये केले, ते बाकीच्या मराठी मुलखाला चाळीस वर्षांनी मिळाले.

दरम्यान संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला बंदी घातली होती. पण वेठ म्हणजे नेमके काय, याचे आजच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने पाठ करावे असे उत्तर 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिले. दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदाने आणि पूल बांधले जात होते. मजुरांचे किमान वेतन रोज 9 रुपये 25 पैसे होते; मुकादम त्यातला एक रुपया कापून घेत. न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी दरात करून घेतलेले काम हे वेठच आहे, कारण भूकही माणसावर सक्ती करते. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ काम देणाऱ्यालाही हात झटकता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

मुकादम ही व्यक्ती या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. मुंबईच्या गिरण्यांत कामगार भरती त्याच्याच हातात असे. नोकरी लावून द्यायची आणि टिकवून ठेवायची दस्तुरी तो घेई. 1934 च्या कामगार तंटे समेट कायद्यानंतर सरकारने लेबर ऑफिसर नेमला, मालकांच्या संघानेही आपला अधिकारी ठेवला. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराची तारीख ठरली: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातवी, नाहीतर दहावी. लोखंड्यांनी मागितलेल्या पंधराव्या तारखेच्याही अलीकडची! त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावे समाजकार्याचे विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले. 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. आज ज्याला एचआर म्हणतात, ते खाते मुकादमाची जागा घेण्यासाठी जन्माला आले. ही गोष्ट त्या खात्यात रोज बसणाऱ्यांनी विसरू नये.

त्या खात्याचे सर्वांत जुने हत्यार हजेरीपत्रक. संगणक येण्याआधीचे एखादे जाड, कापडी पाठीचे रजिस्टर उघडले की डाव्या बाजूला नावे, पुढे 31 चौकटी, शेवटी भरलेल्या दिवसांची बेरीज. वेतनपत्रकात महसुली तिकिटावर सही, नाहीतर जांभळ्या शाईतला अंगठा. चावडीवरची हजेरी माणसाला बांधून ठेवायची. कारखान्यातली हजेरी त्याचे दाम सिद्ध करते. भविष्य निर्वाह निधी, बोनस, पाच वर्षांच्या नोकरीनंतरची ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई हे सगळे त्या चौकटींवर उभे असते. त्या पानावर नावच नसेल, तर कायदा असूनही त्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

नाव नसलेली माणसे जोतिबाच्या माथ्यावरून दिसणाऱ्या मुलखातच भेटतात. उत्तरेला वारणेचे खोरे, उसाचे. हंगामात बीडकडून तोडणी मजूर येतात, मुकादमाकडून उचल घेऊन. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि बाईने दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवल्या तरी तिच्या नावाने वेगळा हिशेब सहसा नसतो. पूर्वेला शिरोलीची औद्योगिक वसाहत, तिच्यापलीकडे इचलकरंजीचे यंत्रमाग. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की कारखाने अधिनियम लागू होई. म्हणून एकाच मालकाचे माग वेगवेगळ्या नावांच्या शेडमध्ये विभागण्याची रीत यंत्रमागाच्या गावांत पडली. कागदावर सगळे नियमात बसे आणि कामगार नियमाच्या बाहेर राही. कायद्याचे पालन कागदापुरते केले की असे होते.

जोतिबाच्या मानाशी थेट जोडलेला एक शब्द मराठीने या व्यवहारात आणला आहे: मानधन. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा यांना वेतन मिळत नाही, मानधन मिळते. काठी नाचवणाऱ्याचा मान आणि रोज ठरल्या वेळी अंगणवाडी उघडून मुलांना खाऊ घालणाऱ्या बाईचे काम यांना एकाच शब्दात बसवणे योग्य नाही. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. नाव मानधनाचे असले तरी काम नोकरीचेच आहे, हे त्यातून मान्य झाले.

मान की पगार, हा प्रश्न देवळांतही पोहोचला आहे. पंढरपुरात 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. न्यायालयीन लढाई 2014 पर्यंत चालली. कोल्हापुरात 2017 च्या आंदोलनानंतर विधिमंडळाने 2018 मध्ये अंबाबाई मंदिरासाठी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा मंजूर केला. तो अंबाबाईच्या देवळापुरता आहे. जोतिबाच्या गुरवांची पाळी परंपरेने चालते. पूजेचा मान कोणाचा, यावर भाविकांत मतभेद असू शकतात. देवळाच्या आवारात झाडू मारणाऱ्याचा, पहाऱ्यावरच्या माणसाचा किंवा दर्शनरांग सांभाळणाऱ्याचा पगार हा मात्र मतभेदाचा विषय नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राचे 29 कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार संहिता लागू झाल्या आहेत. कारखान्याची व्याख्या विजेसह दहा कामगारांवरून वीसवर गेली. लहान शेडमधल्या कामगारासाठी ही चांगली बातमी नाही. दुसरीकडे, नेमणूकपत्र देणे आता सक्तीचे झाले आहे. वतनदाराला सनद असे, वेठ्याला काहीच नसे. शिकाऊ मोल्डरच्या हातात नाव, पद, पगार लिहिलेला कागद पडणे ही या मुलखात लहान गोष्ट नाही.

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काठ्या परतीच्या वाटेला लागतात आणि डोंगर गुलाबी झालेला असतो. पायऱ्यांवरचा गुलाल, खोबऱ्याचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करत माणसे फिरू लागतात. अशीच माणसे प्रत्येक कारखान्याच्या, रुग्णालयाच्या, महाविद्यालयाच्या फाटकाआतही असतात, बहुतेक वेळा ठेकेदाराची म्हणून. मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांनी येत्या सोमवारी आपल्या आवारातल्या अशा एका माणसाला त्याचे नाव विचारावे, आणि ते कोणत्या हजेरीपत्रकात आहे, गेल्या महिन्यात त्याच्यापुढे किती रुपये लिहिले आणि त्याच्या हातात किती पडले, हे स्वतः पाहावे.