हक्क तिथे वंशावळ

खडकवासला म्हटलं की डोळ्यांसमोर धरण येतं. पण भिंतीला दीडशे वर्षंही झालेली नाहीत. गाव त्याहून कितीतरी जुनं. मते हे आडनाव इथे जागोजागी भेटतं, शेजारच्या किरकटवाडीत हगवणे. अशा घरांच्या मागच्या पिढ्या शोधायच्या कुठे?

पहिली जागा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला आलेल्याचं गाव, बाप, आजा त्यांत उतरवलेले असतात. दुसरी जागा मोडी कागद. पाटीलकी, कुलकर्ण वंशपरंपरेने चालत. भाऊबंदकीचा वाद गोतसभेपुढे गेला की दोन्ही पक्ष आपापली पिढीजात हकिगत सांगत, महजर म्हणजे निवाड्याचा कागद होई, त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. वतन टिकवायचं म्हणून वंशावळ टिकली. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने वतन-इनामांची चौकशी केली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद आजही आहेत.

१८३६ पासून इंदापूर तालुक्यातून नवी जमीन मोजणी सुरू झाली आणि सर्व्हे नंबरापुढे खातेदार आला. आयर्लंडमध्येही असंच घडलं. रिचर्ड ग्रिफिथ यांनी करासाठी केलेली मोजदाद १८४७ ते १८६४ दरम्यान छापली गेली. १९२२ मध्ये डब्लिनचं अभिलेखागार जळालं, जनगणनेची जुनी दप्तरं गेली. तिथल्या लहानशा वाडीतल्या कुळाचा माग आता बहुधा त्या करपुस्तकातूनच काढतात.

खडकवासल्यात कागद राहिले, जमीनच हातची गेली. १८६९ मध्ये धरणाचं काम सुरू झालं, १८७९ च्या सुमारास पुरं झालं. मागे साठलेल्या जलाशयाला नाव मिळालं कर्नल फाइफ यांचं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी इथेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी झाली. आज तिचा परिसर सुमारे सात हजार एकरांचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ इथली भिंतही. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने संपली. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं.

वतनाचे आणि मोजणीचे हे कागद एकत्र वाचले की एक गोष्ट लख्ख दिसते: हक्क होता त्याचीच वंशावळ लिहिली गेली. धरणाचे दगड वाहणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याच खात्याला लागली नाहीत. लेकींचंही तेच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्यांची नावं वारस नोंदीत येऊ लागली, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतला मुलांइतकाच वाटा मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सही झाली की सातबाऱ्यावरून त्या पुन्हा उतरतात.

म्हणून खडकवासल्याची वंशावळ आता गावानेच लिहायला हवी. जुने फेरफार उतरवून घ्यावेत, मोडी वाचणाऱ्याला बोलवावं. मग जिथे कागद गप्प आहेत तिथे म्हाताऱ्या माणसांना विचारावं: आजीचं माहेर कुठलं, आत्या कुठे दिली, धरणावर कोण खपलं, पाणी वाढलं तेव्हा कोणतं घर कुठे हललं? जमीन विकली गेली की सातबाऱ्यावर दुसरं नाव चढतं. ही नावं मात्र सांगणारी माणसं आहेत तोवरच मिळतील, आणि त्यांत लेकींची नावं आधी लिहावीत.