खडकी बोलायची, दौंड ऐकायचं

आमच्या निमगाव केतकीला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. मी चौथी-पाचवीत असेन. बंदोबस्तावरच्या एका पोलीसकाकांच्या हातात वॉकीटॉकी होता आणि मी दिंडी सोडून त्याच्याकडेच बघत उभी होते. काका बटण दाबायचे, बोलायचे, ‘ओव्हर’ म्हणायचे आणि बोट काढायचे. मी विचारलं, “काका, दर वेळी बोट का काढता?” ते म्हणाले, “बोट दाबलेलं असलं की हा बहिरा होतो, पोरी. मग समोरच्याचं कसं ऐकू येणार?”

हे उत्तर मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पुन्हा आठवलं. तोवर उसाचा एक अख्खा हंगाम वाया गेला होता. तुम्ही पेट देऊन इंटरव्ह्यूची वाट बघत असाल, किंवा प्रपोजल लिहायला बसला असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. विषय वॉकीटॉकी आणि रिपीटरचा आहे, पण त्याचा इतिहास माहीत असता तर माझे आठ महिने वाचले असते.

झालं असं. माझं काम उसाच्या शेतातला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. चाळीस सेन्सर, प्रत्येकाला छोटा रेडिओ, आणि गच्चीवर एक गेटवे. दर अर्ध्या तासाला सगळे सेन्सर जागे होणार, आकडा पाठवणार आणि गेटवेकडून ‘पोचलं’ अशी पोच मागणार. कागदावर फार सुंदर दिसायचं. प्रत्यक्षात आकडे गळायचे. मी सरळ हिशेब केला : आवाज पोचत नाही, म्हणजे आवाज वाढवा. पॉवर वाढवली. बॅटऱ्या लवकर संपल्या, आकडे गळायचे ते गळतच राहिले. प्रगती अहवालाच्या दिवशी बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला : “तुमचा गेटवे पोच देत असतो, तेव्हा तो ऐकत असतो का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मी शेवटच्या पाच वर्षांचेच पेपर वाचले होते. हा प्रश्न मात्र शंभर वर्षं जुना होता, आणि त्याचं एक उत्तर आमच्या शेजारच्या तालुक्यात उभं राहिलं होतं.

बारामतीहून पॅसेंजरने दौंडला आपण कितीदा तरी जातो, गाडी बदलतो, चहा पितो आणि पुढे जातो. १९२७ मध्ये याच दौंडला (इंग्रजी कागदपत्रांत ‘धोंड’) इंग्लंडहून बिनतारी संदेश थेट येऊ लागले. मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीने ब्रिटिश साम्राज्यातले देश जोडले जात होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका झाले आणि मग हिंदुस्थान. लघुलहरी चारी दिशांना न उधळता, अँटेनांच्या रांगा लावून एकाच दिशेला धाडायच्या, ही त्यातली युक्ती. त्यामुळे थोड्या पॉवरमध्ये हजारो किलोमीटरचं काम व्हायचं.

पण तुम्ही-आम्ही बघायची गोष्ट वेगळी आहे. पाठवण्याचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि ऐकण्याचं केंद्र दौंडला. दोन्हींत अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. इंग्लंडातही तसंच : पाठवणारं केंद्र ग्रिम्सबीजवळ, ऐकणारं स्केग्नेसजवळ. एकाच आवारात दोन्ही बांधली असती तर जमीन, माणसं, खर्च सगळं वाचलं असतं. मग असं का केलं?

कारण पोलीसकाकांनी सांगितलं तेच. तारा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालू ठेवायच्या होत्या. प्रत्येक शब्दाचे पैसे होते, थांबून चालणार नव्हतं. हजारो किलोमीटरवरून आलेला सिग्नल अगदी क्षीण. त्याच्या शेजारी आपलाच मोठा ट्रान्समीटर गरजत असेल तर रिसीव्हर बहिरा होतो. म्हणून तोंड खडकीला ठेवलं आणि कान दौंडला. कानापासून तोंड लांब नेणं, हाच त्या काळचा उपाय.

हे वाचलं त्या रात्री मला माझा गेटवे डोळ्यांसमोर आला. मी एकाच पेटीत तोंड आणि कान ठेवले होते, आणि चाळीस जणांना सांगितलं होतं की एकाच वेळी बोला आणि वर उत्तरही मागा.

आता दुसरा उपाय बघू. गाडीत किंवा पाठीवर रेडिओ न्यायचा असेल तर खडकी-दौंड कुठून आणणार? अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलीस गाड्यांत १९२८ मध्ये रेडिओ आले, पण ते फक्त ऐकण्यापुरते. हुकूम मिळाला की शिपायाने उत्तर द्यायला टेलिफोन शोधायचा. गाडीतून उलट बोलायची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या पोलिसांकडे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ती सैनिकाच्या हाताशी आली. पाठीवरचा एससीआर-३०० हा संच पंधरा किलोहून जड होता आणि त्याचा पल्ला साधारण पाच किलोमीटर. हातात धरायचा एससीआर-५३६ सव्वादोन किलोच्या आसपास, पल्ला दीड-दोन किलोमीटर. या संचांत तोंड आणि कान वेगळे करण्याचं काम अंतराऐवजी वेळेवर सोपवलं. बटण दाबलं की फक्त तोंड, सोडलं की फक्त कान. ‘ओव्हर’ हा शब्द त्या तडजोडीतून आलेला आहे.

इथे तंत्राच्या इतिहासातली आणखी एक बाजू विसरू नका : उलट बोलायची परवानगी कोणाला? हिंदुस्थानात हौशी रेडिओचा पहिला परवाना एका भारतीयाला १९२१ मध्ये मिळाला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हौशी मंडळींना ट्रान्समीटर सरकारजमा करायला लावले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो चालवला आणि नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात होत्या. साम्राज्याचं तोंड खडकीला आणि न विचारता बोलणाऱ्यांना कोठडी शेजारच्या येरवड्यात. नकाशावर ही दोन ठिकाणं बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आहेत. १९४८ मध्ये अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. आज आपण परवाना काढून निवांत बोलतो, त्याला हा सगळा मागचा रस्ता आहे.

परवाना काढल्यावर मी आणि माझी परवानाधारक मैत्रीण पाच वॅटचे हँडसेट घेऊन बाहेर पडलो. ती गावात, मी बारामतीच्या दिशेने स्कूटीवर. तीन किलोमीटरवर उसाच्या आड आवाज तुटायला लागला, चौथ्यावर संपला. तुम्ही वहीत हिशेब करून बघा. व्हीएचएफ लहरींचं क्षितिज काढायचं सोपं सूत्र आहे : अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, म्हणजे किलोमीटर. दोन्ही टोकांना माणसं उभी, अँटेना दीड मीटरवर, तर दोघांचं मिळून जेमतेम दहा किलोमीटर. मध्ये ऊस, घरं, बांध आले की त्यातूनही कापलं जातं. पाचाचे पन्नास वॅट केले तरी पृथ्वीचा बाक सरळ होत नाही.

आता हाच हिशेब पुरंदरच्या माथ्यावरून करा. तो माथा बारामतीच्या पठारापेक्षा साधारण ८०० मीटर उंच. ८०० चं वर्गमूळ २८ च्या वर, म्हणजे क्षितिज ११५ किलोमीटरच्या पुढे. बारामती तिथून सरळ रेषेत ६५-७० किलोमीटर. मध्ये दुसरा डोंगर आडवा आला नाही, तर हातातला सेटही तिथपर्यंत पोचू शकतो. सिंहगडावरचा टॉवर तुम्ही पाहिला असेल. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्याला दिसावेत म्हणून १९७३ मध्ये तिथे केंद्र झालं, ते याच उंचीसाठी.

पण टीव्हीचा टॉवर एकतर्फी असतो. रिपीटर डोंगरावर बसून तुमचा क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्याने पुन्हा बोलतो. म्हणजे खडकी आणि दौंड एकाच खांबावर! बटण सोडून कान उघडायची मुभा त्याला नाही. अडचण किती मोठी ते बघा. रिपीटर समजा २५ वॅटने बोलतोय. त्याच्या रिसीव्हरला ऐकायचा सिग्नल ०.२ मायक्रोव्होल्टचा, पन्नास ओहमवर त्याची पॉवर काढून भागाकार करा. बोलणं हे ऐकण्यापेक्षा तीनावर सोळा शून्यं इतक्या पटीने मोठं निघतं.

उपाय दोन, दोन्ही एकत्र वापरायचे. पहिला, ऐकायची आणि बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवायची. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात हा फरक बहुधा ६०० किलोहर्ट्झचा असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. दुसरा, डुप्लेक्सर. ही धातूची हातभर उंच नळकांडी असतात. प्रत्येक नळकांडं नेमक्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं, एक वाट सोडणारं आणि दुसरी अडवणारं. १९२७ मध्ये ज्या कामाला पाऊणशे किलोमीटर जमीन लागली, ते आज कपाटाएवढ्या जागेत होतं. रिपीटर मला समजला तो याच वाक्याने.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर इंटरनेटवर फुकट आहे. जगभरचे हौशी लोक कसे बोलतात ते महिनाभर कानावर पडू द्या. मग परीक्षेची तयारी करा. दूरसंचार विभागाच्या परीक्षेतून रिस्ट्रिक्टेड किंवा जनरल परवाना मिळतो, वयाची अट बारा वर्षांची. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. परवाना आणि कॉलसाइन हातात आल्यावरच सेट. विनापरवाना वापरायचे सेटही आहेत, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, कमी पॉवरचे. शेतातल्या शेतात बोलायला पुरतात, पण त्यांना रिपीटर वापरता येत नाही. ऑनलाइन स्वस्तात दिसणारा प्रत्येक सेट कायदेशीर नसतो, तेव्हा फ्रिक्वेन्सी आणि मान्यता बघून घ्या.

रिपीटरवर जायला सेटमध्ये तीन गोष्टी भराव्या लागतात : रिपीटर ज्यावर बोलतो ती फ्रिक्वेन्सी, ऑफसेट आणि टोन. टोन म्हणजे बोलण्याखाली दडलेला, कानाला जवळपास न जाणवणारा बारीक सूर. तो असेल तरच रिपीटर दार उघडतो. बटण दाबल्यावर लगेच बोलू नका, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि समोरच्याचं बोलणं संपल्या संपल्या बटण दाबू नका. दोन सेकंद जाऊ द्या.

ही दोन सेकंदं शिष्टाचारापुरती नाहीत. कोणाला तातडीने काही सांगायचं असेल तर त्याला शिरायला तेवढीच फट असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा बाहेरून गेलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवायचं काम केलं. अशा वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक जण असतात. कोणी मध्ये फटच ठेवली नाही, तर ढिगाऱ्याजवळच्या माणसाचा निरोप बाहेर पडत नाही.

माझ्या शेतातल्या सेन्सरांचंही शेवटी हेच केलं. पोच मागणं बंद केलं, प्रत्येकाची जागं व्हायची वेळ पुढे-मागे केली, आणि वाढवलेली पॉवर परत खाली आणली. गेटवे आता बहुतेक वेळ गप्प बसून ऐकतो. आकडे गळणं जवळपास थांबलं. थिसिसमध्ये या सुधारणेला दीड पान लागलं. त्या दीड पानात दौंडचं नावही आहे. गाईड सरांनी विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, सर, राहू द्या.

प्रपोजल लिहिताना तुमच्या विषयाचा सर्वांत जुना पेपर शोधा आणि त्या लोकांना नेमकी कोणती अडचण होती ते एका वाक्यात वहीत लिहा. मग तुमचं यंत्र, तुमची प्रश्नावली, तुमची पद्धत, जे काही असेल ते समोर ठेवा आणि स्वतःलाच विचारा : हे बोलत असतं, तेव्हा ऐकत असतं का?