मेंढवाड्यावरची वीज

पावसाळा सरला की अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे काही धनगर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात. आज या रानात वाडा, उद्या त्या. घराशी बोलायचे तर मोबाईल हवा आणि त्यासाठी वीजही सोबत न्यायला हवी. अशा ठिकाणी स्वस्तातली पॉवर बँक ही चैन नव्हे. पण दोन-तीन वर्षांत ती पूर्वीइतकी पुरत नाही. असे का व्हावे?

त्यासाठी आपण थोडे मागे जाऊ. टॉर्चमधला कोरडा सेल लक्लांशे यांच्या १८६६ च्या घटापासून घडला. त्यातले जस्त झिजले की तो फेकायचा. पुन्हा भरता येणारा शिशाचा घट प्लांते यांनी १८५९ मध्येच केला होता; पण तो फार जड. लिथियम हा सर्वांत हलका धातू, मात्र घट भरताना त्याचे सुईसारखे काटे वाढत आणि आगीचा धोका असे. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी या धातूऐवजी कार्बन वापरला. लिथियमचे आयन त्यात शिरतात आणि बाहेर पडतात. १९९१ मध्ये सोनीने असे घट बाजारात आणले. २०१९ च्या नोबेल पुरस्कारात गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांच्यासह योशिनो सहभागी होते.

मात्र सगळेच आयन परतत नाहीत. कार्बनवर पातळ पापुद्रा धरतो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. उष्णतेने ही झीज वाढते. म्हणून पॉवर बँक उन्हात ठेवू नये. फुगली तर वापरणे थांबवावे.

नव्या पॉवर बँकेवर मोबाईल किती वेळा भरतो, हे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे आणि वर्षाने पुन्हा मोजावे. अडकलेल्या लिथियमचा हिशेब त्यांच्यापुढे येईल.