गिरमिटाचे पाते

लाकडात भोक पाडणाऱ्या सुतारी हत्याराचा कापणारा भाग. जुनी पाती चमच्याच्या वा पन्हळीच्या आकाराची असत. ती जोराने दाबावी लागत आणि भुसा काढण्यासाठी वारंवार बाहेर ओढावी लागत. पुढे आलेल्या मळसूत्री पिळामुळे भुसा आपोआप वर येऊ लागला. अमेरिकेतील कनेटिकट राज्याचे रसेल जेनिंग्ज यांनी १८५५ मध्ये सुधारित दुपिळी पात्याचे पेटंट घेतले. त्याच्या टोकावरील स्क्रू पाते लाकडात ओढतो, कडेचे दाते तंतू गोलाकार छेदतात आणि आतील धारा लाकूड तासतात. त्यामुळे भोकाची कड स्वच्छ राहते. ओहायोच्या अर्विन कंपनीने भरीव दांड्याभोवती एकेरी पीळ असलेली, अधिक ताठ पाती लोकप्रिय केली. अमेरिकी पात्यांवरील अंक इंचाचे सोळावे भाग दाखवतो. ८ म्हणजे अर्धा इंच.