मुंबईंतील प्लेगची पळापळ व सांपत्तिक स्थिति (इ. स. १८९६–९७)

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचें निदान केलें. १८९१ च्या खानेसुमारींत शहराची लोकवस्ती ८,२१,७६४ भरली होती. पैकीं फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्म्याच्या सुमारास लोक शहर सोडून गेले, असा तत्कालीन अदमास आहे. या सर्व हालचालीस 'पळापळ' हें एकच नांव देण्याची वहिवाट आहे. परंतु कोणीं केव्हां व कसें निघावें हें ज्याच्या त्याच्या मिळकतीनें ठरविलें, असें आमचें मत आहे.

ज्यांस परगांवीं आसरा व पदरीं शिल्लक होती, त्यांस निघणें सोपें होतें. गिरणीकामगाराचें तसें नव्हतें. त्याचा पगार महिन्याचा, व तोहि मागें ठेवून देण्याची चाल; निघावें तर कमावलेलें बुडावें, राहावें तर जीव धोक्यांत. तरीहि हजारों कामगार कोंकणांत व घाटावर आपापल्या गांवीं गेले. तेव्हां मालकांस रोजच्या रोज पगार देणें भाग पडलें, व मजूर मिळविण्यासाठीं नाक्यानाक्यांवर चढाओढ लागली.

याहून बोधप्रद प्रकरण हलालखोरांचें, म्हणजे शहराचा मैला वाहणाऱ्यांचें. ऑक्टोबर १८९६ मध्यें म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं रोग्यांस सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा जाहीरनामा काढला. लोक बिथरले. हलालखोर निघून गेल्यास शहर राहण्यास अयोग्य होईल, या धास्तीनें महिनाअखेर ती सक्ती सैल करावी लागली. या अल्पवेतनी वर्गापाशीं निघून जाण्याखेरीज दुसरें बळ नव्हतें. परंतु तेवढ्यानें हुकूम फिरला.

पुढें ४ फेब्रुवारी १८९७ च्या कायद्यानें आगगाडीच्या उतारूंस तपासण्याचा अधिकार सरकारास मिळाला. त्याचा जाच मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस सोसावा लागला. येथेंहि वाट कोणास मोकळी व कोणास बंद, हें तिकिटाच्या किंमतीवर गेलें.

आमच्या संग्राहक बंधूंस एवढीच विनंति आहे. सधन घराण्यांचीं पत्रें व रोजनिशा जपल्या जातात. गिरण्यांचे हजेरीपट, मनिऑर्डरींच्या पावत्या व तपासणीचे दाखले मात्र रद्दींत जातात. मजूर कोणत्या दिवशीं निघाला व केव्हां परतला, हें सांगणारे कागद तेच होत. ते हातीं येतील तेथें राखून ठेवावे. नाहींपेक्षां या साथीचा इतिहास ज्यांस घर सोडणें परवडलें, त्यांचाच राहील.